टोपॉलॉजीतला पंक्तिभेद

गणितातही पंक्तिभेद असतो. टोपॉलॉजीच्या पंगतीत 'हाउसडॉर्फ' अवकाश पाटावर बसतात आणि बाकीचे ओसरीवर. 1914 साली फेलिक्स हाउसडॉर्फने या विषयाची घडी बसवताना एक अट घातली. कुठलेही दोन वेगळे बिंदू घ्या, प्रत्येकाभोवती आपापलं कुंपण घालता आलं पाहिजे, आणि ती कुंपणं एकमेकांत घुसता कामा नयेत. रेषा, प्रतल, आपण वावरतो ती जागा, सगळं या अटीत बसतं. अटीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती 'जे या अटीत बसत नाही ते बिनकामाचं' या समजुतीबद्दल.

ही समजूत पुस्तकांतून येते. आपल्याकडे एम.एस्सी.ला सर्रास वापरलं जाणारं जेम्स मंक्रेस यांचं 'टोपॉलॉजी' घ्या. 1975 साली आलं, 2000 साली सुधारलं. त्यात शेरा आहे की असे अवकाश अनेक गणितींना विचित्र वाटतात, आणि इतर शाखांत क्वचितच भेटत असल्यामुळे ते फारसे रंजकही नाहीत. बूर्बाकी गटाने तर 'कॉम्पॅक्ट' हा शब्दच हाउसडॉर्फ अवकाशांसाठी राखून ठेवला. इतरांना 'क्वासी-कॉम्पॅक्ट', म्हणजे निमसरकारी दर्जा.

क्वचितच भेटतात? माझं गाव पुरुषोत्तमनगर, तालुका शहादा. साखर कारखान्याचं गाव. समजा, तुम्ही भोंग्याची वाट बघताय. वाजला की पक्कं कळलं. पण 'आता वाजणारच नाही' हे कुठल्या मिनिटाला ठरवाल? दहा मिनिटं थांबलात तरी अकराव्या मिनिटाला वाजू शकतो. अवस्था दोनच, पण एक ऐकू येते आणि दुसरी कधीच ऐकू येत नाही. यालाच गणितात शेरपिन्स्की अवकाश म्हणतात. 'वाजला' या बिंदूला स्वतःचं कुंपण आहे. 'वाजला नाही'ला वेगळं कुंपण नाही. त्याच्या प्रत्येक कुंपणात 'वाजला' असतोच. वर्गात हा अवकाश 'हाउसडॉर्फ नसलेलं उदाहरण' म्हणून फळ्यावर येतो आणि दोन मिनिटांत पुसला जातो.

आता भोंग्याच्या जागी प्रोग्रॅम ठेवा. थांबला तर दिसतं. पण दिलेला कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही, हे सांगणारी एकच यांत्रिक रीत असू शकत नाही, हे 1936 साली ॲलन ट्युरिंगने सिद्ध केलं. म्हणजे संगणकाच्या जगात ओपन सेट हा मर्यादित वेळात 'हो' म्हणता येईल अशा गुणधर्मासारखा असतो. 'हो' कळतं, 'नाही' कळेलच असं नाही. हाउसडॉर्फची अट लावली की 'थोडं कळलंय, बाकी यायचंय' आणि 'सगळं कळलं' यांच्यातली पायरीच पुसली जाते. आमचा तर सगळा दिवस याच पायऱ्यांवर जातो.

1969 साली डेना स्कॉटने हे वापरून दाखवलं. लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये फंक्शन स्वतःलाच इनपुट म्हणून देता येतं. पण कॅन्टरचा सिद्धांत आडवा येतो: संचात एकापेक्षा जास्त घटक असतील, तर त्यावरची फंक्शन्स घटकांपेक्षा नेहमी जास्तच भरतात. स्कॉटने फक्त सलग फंक्शन्स घेतली. सलगता मोजायला जी टोपॉलॉजी वापरली ती हाउसडॉर्फ नव्हती. कोडं सुटलं, आणि प्रोग्रॅमिंग भाषांना गणिती अर्थ देणारी एक अख्खी शाखा उभी राहिली. मंक्रेस यांचं पुस्तक छापून येण्याच्या सहा वर्षं आधी.

संगणक बाजूला ठेवला तरी तो शेरा टिकत नाही. पुण्यात 1976 साली भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू करणारे श्रीराम अभ्यंकर हार्वर्डमध्ये ऑस्कर झरिस्की यांचे विद्यार्थी होते. बैजिक भूमितीत रोज वापरली जाणारी टोपॉलॉजी याच झरिस्कींच्या नावाने ओळखली जाते, आणि मोजके अपवाद सोडले तर तीही हाउसडॉर्फ नाही.

'पण लिमिट एकच असायला हवी ना?' कॅल्क्युलसमध्ये हवीच. मात्र एका शाखेची गरज म्हणजे सगळ्या गणिताचा शिष्टाचार नव्हे.

हे भांडण फळ्यापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. मोबाइलवरून पैसे पाठवताना सर्व्हर गप्प राहिला आणि कोडने त्या गप्प राहण्याला 'व्यवहार झाला नाही' समजून पुन्हा पैसे पाठवले, तर ते दोनदा कापले जाऊ शकतात. उत्तर न येणं आणि नकार येणं यांतला फरक आम्ही रात्रीच्या फोन कॉलवर शिकतो. तिकडे शहाद्या-तळोद्यासारख्या गावांत गणित घेतलेल्या मुलामुलींना वाटत राहतं की आयटीत जायचं तर गणित सोडावं लागेल. त्यांना हव्या असलेल्या कामाचं गणित त्यांच्याच पुस्तकात आहे, पण 'विचित्र' अशी चिठ्ठी चिकटवून.

म्हणून मागणी साधी आहे. टोपॉलॉजीच्या पहिल्याच आठवड्यात शेरपिन्स्की अवकाश शिकवा, अपवाद म्हणून नव्हे, मुख्य उदाहरण म्हणून. शेजारी चार ओळींचा प्रोग्रॅम चालवा आणि वर्गाला विचारा: हा थांबणार नाही, हे तुम्हाला कधी कळेल?