चित्राचे खाते

सुरत म्हटले की आपल्या मराठी मुलांना इ. स. १६६४ आठवते. दिवाळीच्या सुट्टीत मामांकडे सुरतेला गेलो आणि तापीकाठचा जुना किल्ला पाहिला, तेव्हा मला मात्र १६१५ आठवत राहिले. त्या वर्षी इंग्लंडचा राजा जेम्स याचा वकील सर टॉमस रो जवळच्याच सुवालीला उतरला. इंग्रजांच्या नजराण्यांत विलायती तसबिरीही असत.

अशाच एका तसबिरीवरून जहांगीराचा चितारी बिचित्र याने जेम्सला आपल्या चित्रात घेतले. चित्र रूपकात्मक आहे. वाळूच्या घड्याळावर बसलेला बादशहा एका वृद्ध सूफीला ग्रंथ देतो आहे. तुर्की सुलतान आणि जेम्स खाली ताटकळत उभे. त्यांच्याही खाली, कोपऱ्यात, बिचित्र स्वतः!

हे चित्र पुढे इराणात गेले, तिथे त्याला नवा हाशिया जोडला गेला. नादिरशहाने १७३९ साली दिल्ली लुटली तेव्हाच ते गेले असावे, असे अभ्यासक मानतात. १९४२ पासून ते वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे.

आम्हा कॉमर्सवाल्यांना व्हाउचरविना नोंद करता येत नाही. मग शेवटच्या ग्राहकाने पैसे मोजले, एवढ्याने मागचे खाते मिटते काय? चित्र परत आणा असे माझे म्हणणे नाही. पण कोठल्याही संग्रहालयाने पाटीवर खरेदीच्या सालाशेजारी लुटीचे सालही लिहावे.

हे मी मामांच्या शेजारच्या गुजराती काकांना सांगितले. ते हसून म्हणाले, “आणि तुमचे १६६४?”

मी जरा अडखळलो. मग म्हटले, “तेही लिहावे, काका.”