किल्लारीच्या मातीत भूभौतिकीचा अभ्यास

किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली आणि दख्खनचे पठार स्थिर असल्याचा समजही त्याबरोबर ढासळला. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपाने हजारो बळी घेतले. पुढच्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलाने भूविज्ञानाच्या जोडीला भूभौतिकीही अध्यापनात आणली. जळकोटसारख्या डोंगराळ तालुक्यातील विद्यार्थ्याला हा विषय, निदान कागदोपत्री तरी, घरच्या विद्यापीठाचा आहे. प्रत्यक्षात तो त्याच्या कानावर क्वचितच पडतो. अकरावीला तो लातूर गाठतो, ते वैद्यकीय वा अभियांत्रिकीचे स्वप्न उराशी बाळगून. 'लातूर पॅटर्न'ची दृष्टी सहसा त्यापलीकडे जात नाही. प्रवेश हुकला की बी.एस्सी. आणि त्यानंतर स्पर्धा परीक्षा!

भूविज्ञानाचा अभ्यासक हातोडीने खडक फोडून पाहतो. भूभौतिकीला मात्र न दिसणाऱ्या खडकाचा अंदाज भूकंपलहरी, गुरुत्व, चुंबकत्व व विद्युतरोध यांवरून बांधावा लागतो. पृथ्वीच्या पोटात आंतरगाभा असल्याचे इंगे लेहमान यांनी १९३६ मध्ये दाखवले, ते केवळ भूकंपलहरींच्या नोंदींवरून. याच रीतीने 'इनसाइट' यानाने २०१८ ते २०२२ या काळात मंगळाच्या अंतरंगाचा ठाव घेतला. 'चांद्रयान-३'च्या विक्रम लँडरवरही २०२३ मध्ये कंपनमापक होता.

मंगळ दूर राहिला. बोअरवेल दारातच आहे. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तरीही बोअर घेण्यापूर्वी हातावर नारळ ठेवून फिरणाऱ्या पाणाड्याचा शब्द आजही अनेक शेतांत प्रमाण मानला जातो. बेसाल्टमध्ये पाणी सर्वत्र सारखे नसते. ते भेगांत, झिजलेल्या थरांत आणि दोन लाव्हाप्रवाहांच्या सांध्यांत साठते. जमिनीत वीजप्रवाह सोडून केलेल्या रोधमापनातून अशा जागांचा माग काढता येतो. हमी त्यातही नाही, पण नारळापेक्षा तो आधार बराच भक्कम म्हणावा लागेल.

अभ्यासासाठी याहून समृद्ध परिसर क्वचितच मिळेल. किल्लारीत राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने घेतलेल्या ६१७ मीटर खोल छिद्रात बेसाल्ट ३३८ मीटरवरच संपला आणि त्याखालच्या गाळाच्या पातळ थरानंतर प्राचीन पायाभूत खडक लागला. कराडजवळ, कोयनेच्या भूकंपक्षेत्रात, पथदर्शी छिद्र तीन किलोमीटरपर्यंत गेले. मात्र हैदराबाद, खरगपूर वा पवई येथील विद्यार्थ्यांना जी उपकरणे व क्षेत्रकार्य मिळते, ते मिळाल्याखेरीज नांदेडच्या पदवीला बाजारात तेवढे वजन येणार नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेत भूभौतिकीची स्वतंत्र पदे असतात. तेल कंपन्या व भूजल विभागांतही संधी आहेत. भौतिकशास्त्र व गणित घेऊन पदवीधर होणाऱ्यांना महाविद्यालयांनी हे शेवटच्या वर्षी नव्हे, पहिल्याच वर्षी सांगायला हवे.

हिंगोली परिसरात मार्च व जुलै २०२४ मध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा नांदेडमध्येही माणसे घराबाहेर धावली होती.