मेडिकलच्या काउंटरवर एक पाटी हवी

प्रति,
माननीय आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

कुठल्याही मेडिकलमध्ये कानावर पडेल असा हा संवाद. 'कुत्रा लंगडतोय हो, आपली दुखण्याची गोळी चालेल ना त्याला?' आणि काउंटरपलीकडून, सुटे पैसे मोजता मोजता, 'अर्धी द्या, काही होत नाही.'

होतं. आयबुप्रोफेनची नेहमीची गोळी 400 मिलिग्रॅमची. 8 किलोच्या कुत्र्याला अर्धी दिली तरी किलोमागे 25 मिलिग्रॅम झाले, आणि तेवढ्यानंही जठरात व्रण पडू शकतात. शिवाय कुत्र्याच्या शरीरात हे औषध जास्त रेंगाळतं. पित्तावाटे आतड्यात उतरतं आणि तिथून पुन्हा रक्तात शोषलं जातं. लंगडणं थांबलं नाही म्हणून रात्री उरलेला अर्धा तुकडाही पोळीत घालून दिला जातो.

मग कुत्रा ओकतो, जेवत नाही. पोट बिघडलं असेल म्हणून घरची मंडळी दहीभात पुढे करतात. इथेच वेळ जातो. उलटीत रक्त, काळी चिकट शी, फिकट हिरड्या म्हणजे आत रक्तस्राव चालू आहे, आणि तो गोळीनंतर दोन-तीन दिवसांनीही सुरू होऊ शकतो. सारखं पाणी पिणं आणि लघवीला जाणं हे मूत्रपिंडाचं दुखणं असू शकतं. पॅरासिटामॉल जास्त झालं तर हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. (मांजराला तर ती गोळी देऊच नये, थोडीही जिवावर बेतते.)

पहिल्या दोनेक तासांत पशुवैद्याकडे पोचलं तर तो ओकारी काढतो, कोळशाचं औषध देतो, सलाइन लावतो. घरी मिठाचं पाणी पाजणाऱ्यांना मात्र कुणीतरी आवरायला हवं. त्यानं रक्तातलं सोडियम वाढून नवंच संकट ओढवतं. उलटी-शीची वाट न बघता निघावं आणि गोळीचं पाकीट बरोबर न्यावं. कुठलं औषध, किती मिलिग्रॅम, किती वाजता, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात. कुत्र्यांसाठीच्या चवदार गोळ्यांचं पाकीट कुत्र्यानं स्वतः फस्त केलं, तरीही हेच.

जनावरं आपल्या खात्यात येत नाहीत, असं कुणी म्हणेल. पण गिधाडं आठवा. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन ती मेली, म्हणून 2006 मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद झालं. तरीही माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, तेव्हा 2015 मध्ये माणसांसाठीची बाटलीच 3 मिलिलिटरची करावी लागली. पाखरांसाठी माणसाच्या औषधाचं माप बदललं या देशानं. मी तर फक्त पाटी मागतो आहे.

परवानाधारक प्रत्येक मेडिकलला ती दर्शनी भागात लावायला सांगावं. मजकूर एवढा पुरे: 'माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्या-मांजरांना देऊ नका. दिली किंवा त्यांनी खाल्ली असेल तर लगेच पशुवैद्याकडे न्या. पशुसंवर्धन विभागाची हेल्पलाइन 1962.'

कळावे,
आपला विश्वासू,
एक श्वानपालक