ठोकळ्यांचे गाव

व्हिडिओ गेमची बाजू घेऊन कॉलेजच्या वार्षिकांकात लिहिणे म्हणजे गुरुजनांचा रोष ओढवून घेणे होय. तरीही लिहिते.

गेल्या दिवाळीत मी मामाच्या गावी, किल्लारीजवळच्या एका पुनर्वसित गावात होते. सातवीतला मामेभाऊ मोबाइलवर 'माइनक्राफ्ट' खेळत होता. २०११ साली स्वीडनमध्ये पूर्ण झालेला हा खेळ. त्यात जिंकण्याची सक्ती नाही. माती, दगड, लाकडाचे ठोकळे घ्यावेत आणि मनाला येईल ते बांधावे, ओढ्याकाठच्या वाळूत आपण बांधत होतो तसे.

मी म्हणाले, "आजीचं जुनं घर बांध बरं." त्याने दगडी भिंती रचल्या, वर मातीचे माळवद घातले. आजी चष्मा सावरून म्हणाली, "भिंत लई बारीक केलास. दोन हात रुंद व्हती." भिंत रुंद करायची म्हणून त्याने आधीची काढून टाकली, तर माळवद तसेच अधांतरी राहिले! या खेळात वाळूसारखे थोडेच ठोकळे खाली पडतात. आजी बघत राहिली. "तवा असं ऱ्हायलं असतं तर," एवढेच म्हणाली आणि उठून गेली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जवळपास आठ हजार माणसे गेली. "मग खरं माळवद का पडलं, ताई?" या त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला बी.ए.ला असूनही देता आले नाही. आम्ही दोघांनी शोधले. मातीत रचलेले दगड, भिंतीचे दोन पदर सांधणारे लांब दगड नाहीत आणि डोक्यावर मातीचा भार. पुढे त्याने नवे गावही बांधायला घेतले, तेव्हा विचारले, आपले घर एवढेसे का? जमिनीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली होती. आजोबा भूमिहीन, म्हणून २५०. हे त्याला कोणत्या पुस्तकात सापडले असते?

लातूर पॅटर्नची मी निंदा करणार नाही. माझा थोरला भाऊ नांदेडला शिकवणी लावून बसला आहे आणि घरच्या साऱ्या आशा त्याच्यावर आहेत. पण तिथे प्रश्न छापून येतो, चार पर्यायांसह. आठवड्यात दोन तास तरी मुलाचा स्वतःचा प्रश्न वर्गात का येऊ नये?

हा श्रीमंतांचा चोचला नव्हे. यूएन-हॅबिटाटने २०१२ पासून याच खेळातून सामान्य लोकांकडून बागा-चौकांचे आराखडे करवून घेतले, मुंबईतसुद्धा. 'लुआंटी' (पूर्वीचे 'माइनटेस्ट') हा तसाच खेळ तर फुकट मिळतो आणि इंटरनेटवाचून संगणक एकमेकांना जोडून चालतो. माझ्या शाळेत संगणक होते, पण खोलीला कुलूप. तपासणीच्या दिवशी तेवढे उघडायचे.

मुलांना नुसते सोडून देऊन मात्र चालणार नाही. मामेभाऊ एकटा असता तर अधांतरी माळवदाकडे बघून हसला असता व पुढे गेला असता. आजी शेजारी होती म्हणून तो थांबला. वर्गात ती जागा शिक्षकांची आहे.

आमच्या कॉलेजचा संगणक कक्ष शनिवारी दुपारी रिकामाच असतो. भूगोल आणि समाजशास्त्राच्या सरांनी तो दोन तास मागून घ्यावा. आपापले गाव बांधायला आम्ही दहा-बारा जण तयार आहोत.