दोन तापांच्या मधले दिवस

घरात आई किंवा वडील प्रगत अवस्थेतील कर्करोगाशी झुंजत असतील, तर ताप आपल्याला नवा राहत नाही. प्रतिजैविकांचा एक कोर्स संपतो, आठ-दहा दिवस बरे जातात, तोंडाला चव येऊ लागते आणि एका रात्री अंग पुन्हा तापते. कधी लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग, कधी छातीत साठलेला कफ, कधी नळीच्या जागी आलेली लाली. ‘आपलेच काही चुकले का?’ हा सल शुश्रूषा करणाऱ्याच्या मनात प्रत्येक वेळी उठतो. बहुधा काही चुकलेले नसते. रोगाने व उपचारांनी प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते आणि पुष्कळदा रुग्णाच्या स्वतःच्याच आतड्यातले, तोंडातले, त्वचेवरचे जंतू ही संधी साधतात.

कपाळाला हात लावून ताप ठरवू नका, थर्मामीटर उशाशी ठेवा. केमोथेरपी चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, दिसले की रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना कळवा. औषध दिल्यानंतरच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी बहुधा सर्वांत कमी असतात, तेव्हा सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. फोन करण्यापूर्वी पॅरासिटामॉल देऊन ताप झाकू नका आणि मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच देऊ नका. वृद्धांना, विशेषतः स्टिरॉइड चालू असलेल्यांना, ताप येईलच असे नाही. कालपर्यंत नातवंडांना नावाने हाक मारणारे आजोबा आज एकाएकी असंबद्ध बोलू लागले, धाप लागली, हुडहुडी भरली किंवा लघवी कमी झाली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका.

एक साधी वही करा. तापाची तारीख, आकडा, दिलेले औषध, किती दिवसांनी उतार पडला, एवढेच लिहा. रात्रपाळीच्या अनोळखी डॉक्टरांना ती फाइलच्या गठ्ठ्यापेक्षा अधिक सांगते. काही महिन्यांनी ती आपल्यालाही काही सांगू लागते: दोन तापांमधले अंतर कमी होत चालले आहे.

तेव्हा विचारायचा प्रश्न अवघड असतो. दर वेळी रुग्णालयातच न्यायचे का? तो तापाच्या रात्री, रिक्षा दाराशी उभी असताना विचारू नये. मधल्या बऱ्या दिवसांत, खुद्द आई-वडिलांना विचारावा. घरीच तोंडावाटे औषध देणे किंवा पुढे केवळ ताप, वेदना व धाप यांवर आराम देणे, हेही उपचारच आहेत. डॉक्टरांकडे उपशामक सेवेची चौकशी करा. मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून हे काम करीत आहे. कृत्रिम जीवरक्षक उपाय नको असल्यास तशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ मध्ये ती पद्धत सोपी झाली असून आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

आपल्या माहितीतील एका मुलीने हा प्रश्न आईला विचारायला महिना लावला. शेवटी शेंगा सोलता सोलता विचारला. आई शांतपणे म्हणाली, “सलाइनपुरती नेलीस तर येईन गं. पण तीन रात्रींच्या वर ठेवू नकोस. तिथे रात्री दिवे मालवत नाहीत.” मुलीने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आणि पुढच्या भेटीत वही डॉक्टरांसमोर उघडली.