‘हजारो वर्षांची परंपरा’ : इटालियन वाइनच्या लेबलावरचा सर्वांत जुना बनाव

१/१२
‘रोमन काळापासून अखंड चालत आलेली परंपरा.’ इटलीच्या वाइनविषयी हे वाक्य बाटलीवर असते, पर्यटन-पुस्तिकेत असते आणि इतिहासप्रेमी मंडळीही ते निःशंकपणे पुढे पाठवतात. कागदपत्रांपुढे मात्र ते टिकत नाही. कियांती, बारोलो आणि प्रोसेको आज ज्या रूपात ओळखल्या जातात, ते रूप गेल्या दोनशे वर्षांत घडले आहे. त्यातले बरेचसे सरकारी आदेशांनी घडवले.

२/१२
वेली जुन्या आहेत, याबद्दल वाद नाही. नेब्बिओलो या द्राक्षाच्या नोंदी १३व्या शतकापासून सापडतात. पण वेल जुनी म्हणून वाइन जुनी ठरत नाही. रोमनांची सर्वांत नावाजलेली वाइन फालेर्नियन. ती मातीच्या कुंभांत वर्षानुवर्षे मुरवत आणि पाणी मिसळून पीत. ती कोणत्या द्राक्षाची होती, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. मग ‘अखंड’ हा शब्द नेमका कशाला लावायचा?

३/१२
‘वाइनचा राजा’ म्हणून मिरवणारी बारोलो घ्या. १७८७ साली थॉमस जेफरसन तुरिनला आला, तेव्हा त्याने चाखलेली नेब्बिओलो गोड होती आणि शॅम्पेनसारखी फसफसणारीही होती. आजची कोरडी, गंभीर बारोलो ही १९व्या शतकाची निर्मिती. तिचे श्रेय काहीजण फ्रेंच व्यापारी लुई उदारला देतात, तर काहीजण १८३५ साली वाइननिर्मितीवर पुस्तक लिहिणाऱ्या स्तालिएनोला. काव्हूर आणि बारोलोची मार्केझा जुलिया फालेत्ती यांचीही नावे घेतली जातात. श्रेयाचा वाद चालू राहील. शतकाबद्दल मात्र वाद नाही.

४/१२
कियांतीचे समर्थक लगेच १७१६चा दाखला देतात. त्या वर्षी टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची याने कियांतीसह चार वाइन-प्रदेशांच्या सीमा आखल्या, हे खरे आहे. पण त्याने सीमा आखल्या; आजच्या कियांतीची घडण त्यात नव्हती. ती बेत्तिनो रिकासोलीच्या १८७२च्या पत्रात सापडते. हा सरदार एकीकृत इटलीचा दुसरा पंतप्रधान. गंध आणि जोम यांसाठी सांजोवेसे, मार्दवासाठी कानाइओलो, आणि लवकर प्यायच्या वाइनपुरती पांढरी माल्वाझिया, असे त्याने लिहिले. मुरवायच्या वाइनमध्ये पांढरे द्राक्ष नको, हेही त्याने सुचवले होते.

५/१२
पुढे काय झाले? १९३२च्या सरकारी आदेशाने ‘कियांती’ हे नाव मूळ टेकड्यांच्या कितीतरी बाहेर पसरवले. १९६३मध्ये वाइनच्या उगमस्थानांना संरक्षण देणारा कायदा आला. त्याखाली १९६७मध्ये कियांतीची नियमावली ठरली आणि लाल कियांतीत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे बंधनकारक झाली. भरघोस पीक देणारी त्रेब्बियानो टस्कनीत मुबलक होती आणि ती कुठेतरी खपवायची होती. रिकासोलीने मुरवायच्या वाइनमधून जे वगळायला सांगितले, तेच परंपरेच्या नावाने सक्तीचे झाले.

६/१२
उत्तम वाइन करू पाहणाऱ्यांना मग नियमाबाहेर जावे लागले. १९७१ची तिन्यानेल्लो कियांतीच्याच टेकड्यांतली. १९७५पासून तिच्यात पांढरे द्राक्ष उरले नाही. बोल्गेरीच्या सास्सिकाइयात तर काबेर्ने सोव्हिन्यों हे फ्रेंच द्राक्ष. दोन्ही ‘व्हिनो दा ताव्होला’ म्हणजे साध्या जेवणाची वाइन या सर्वांत खालच्या वर्गात विकल्या गेल्या आणि नामांकित वाइन्सपेक्षा महाग ठरल्या. शेवटी कायदाच वाकला. २००६च्या हंगामापासून कियांती क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांना बंदी आली. जे ४० वर्षांपूर्वी सक्तीचे होते, ते निषिद्ध झाले आणि लेबलावरची ‘परंपरा’ तशीच राहिली.

७/१२
प्रोसेकोची कथा याहून उघड आहे. २००९पर्यंत प्रोसेको हे द्राक्षाचे नाव होते. द्राक्षाचे नाव कोणालाही वापरता येते. गावाचे नाव मात्र राखून ठेवता येते. म्हणून द्राक्षाला ‘ग्लेरा’ हे अल्पपरिचित नाव देण्यात आले आणि संरक्षित प्रदेश त्रिएस्तेजवळच्या प्रोसेको गावापर्यंत ताणण्यात आला. या वाइनचे खरे माहेर, कोनेल्यानो आणि वाल्दोब्बियादेने, तिथून शंभरएक किलोमीटर दूर आहे. पुढे याच नावाच्या जोरावर क्रोएशियाच्या ‘प्रोशेक’ या जुन्या गोड वाइनवर हरकत घेतली गेली.

८/१२
‘परंपरा बदलतच असते, त्यात कोणाचे काय बिघडले?’ असा प्रतिवाद होईल. बिघडले ते बटाईदारांचे. टस्कनीत शतकानुशतके ‘मेझाद्रिया’ पद्धत होती : जमीन मालकाची, कष्ट कुटुंबाचे, पीक निम्मे-निम्मे. गव्हाच्या आणि ऑलिव्हच्या मधोमध, झाडांच्या आधाराने वेली चढवल्या जात. रस काढून उरलेल्या चोथ्यात पाणी घालून केलेले पातळ पेय बटाईदाराच्या वाट्याला येई. असे नवे करार करण्यास कायद्याने मनाई झाली ती १९६४ साली. लेबलावर सरदाराचा वाडा छापला जातो. बटाईदाराचे नाव कुठेही नसते.

९/१२
जेवणाच्या जोड्यांबाबतही हेच. कियांतीसोबत गोमांसाची जाड बिस्तेक्का, आमारोनेसोबत पोलेंटा, आणि वर ‘शेतकऱ्याचे पिढीजात जेवण’ अशी जाहिरात. बिस्तेक्का बटाईदाराचे रोजचे अन्न कधीच नव्हते. व्हेनेतोच्या गरिबाला मक्याचा पोलेंटा तेवढा मिळे आणि केवळ त्यावर जगल्याने पेलाग्रा हा रोग होई. १८८१च्या गणनेत इटलीत या रोगाचे सुमारे एक लाख रुग्ण आढळले. ती उपासमार आज चवीची परंपरा म्हणून विकली जाते.

१०/१२
आणि टोमॅटो? इटलीत त्याचे वर्णन प्रथम येते १५४४ साली. पास्ता आणि टोमॅटो यांची छापील कृती दिसते ती १८३९ साली, नेपल्सच्या कावाल्कांतीच्या पुस्तकात. टोमॅटोच्या पास्त्यासोबत सांजोवेसे छान लागते, कारण दोहोंचा आंबटपणा जुळतो. नेब्बिओलोचे तुरट टॅनिन मांसाच्या चरबीने सौम्य होते. एमिलियाचे तेलकट डुकराचे मांस फेसाळ लाम्ब्रुस्कोने हलके होते. या जोड्या जिभेवर सिद्ध होतात. त्यांना रोमन पूर्वज उसने आणण्याची गरज नाही.

११/१२
परंपरा ग्राहकाचे रक्षण करते, हा शेवटचा बुरूज. तो मार्च १९८६मध्ये कोसळला. स्वस्त वाइनची तीव्रता वाढवण्यासाठी काही उत्पादकांनी तिच्यात मिथेनॉल मिसळले आणि २३ माणसे मेली. त्या वेळी परंपरा आड आली नाही. विश्वास परत मिळवण्यासाठी तपासण्या कडक कराव्या लागल्या आणि १९९२ साली वाइनचा कायदा नव्याने लिहावा लागला.

१२/१२
इटलीची वाइन थोर आहे, आणि ते थोरपण अलीकडचे असल्याने कमी होत नाही. चुका करून, नियम मोडून आणि पुन्हा लिहून ते मिळवले गेले आहे. त्याला ‘अनादि’ म्हटले की हे सारे कष्ट पुसले जातात आणि निम्मे पीक देऊन चोथ्याचे पाणी पिणारा माणूसही पुसला जातो. ‘प्राचीन’ हा शब्द दिसला की इतिहासाच्या विद्यार्थ्याने तीन गोष्टी विचाराव्यात : कोणत्या सालापासून, कोणाच्या आदेशाने आणि कोणाच्या कष्टावर? लेबलाच्या मागच्या बाजूला यांची उत्तरे छापलेली नसतात. ती अभिलेखागारात शोधावी लागतात.