आपली नोंद कोणाच्या दप्तरी?

पुणे-सोलापूर महामार्गालगत इंदापूर तालुक्यात डाळज नावाचे एक गाव नाही, तीन गावे आहेत. महसुली दप्तरात ती डाळज नं. १, २ आणि ३ अशी नोंदलेली आहेत. सातबारा काढायचा तर नुसते ‘डाळज’ म्हणून भागत नाही, क्रमांक सांगावा लागतो. नोंद कोणत्या दप्तरी आहे हे ठाऊक नसेल, तर ती असून नसल्यासारखीच! शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले हे व्यवहारज्ञान संगणकाच्या जगातही तितकेच मोलाचे ठरत आहे.

फेसबुकसारख्या माध्यमात कोट्यवधींचे दप्तर एकाच कंपनीच्या हाती असते. या मक्तेदारीला पर्याय म्हणून विकेंद्रित माध्यमे पुढे आली. जर्मनीत २०१६ मध्ये सुरू झालेले मॅस्टोडॉन हे त्यांतील ठळक उदाहरण. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर नाराज झालेले अनेक भारतीयही तिकडे वळले होते. तेथे सदस्याच्या पत्त्याचे दोन भाग असतात. एक नाव आणि दुसरा सर्व्हर. पत्ता मिळताच शोधणारी यंत्रणा त्या सर्व्हरकडे विचारणा करते आणि या व्यक्तीचे दप्तर कोठे आहे, याचे उत्तर तिला मिळते.

व्यवस्था सुटसुटीत आहे. परंतु तिची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. आपण लिहिलेल्या मजकुराच्या प्रती वाचकांच्या सर्व्हरांवर जाऊन बसतात. मूळ मजकूर पुसला, तरी तसा निरोप मिळालेला प्रत्येक सर्व्हर तो पाळेलच, याची हमी कोण देणार? सर्व्हर बदलला तर अनुयायी नव्या पत्त्यावर येतात, जुने लेखन मात्र मागेच राहते. उजनीच्या जलाशयात जुने पळसदेव गेले, गाव वर येऊन वसले. पळसनाथाचे प्राचीन मंदिर तेथेच राहिले. पाणी ओसरले की त्याचे दर्शन तरी घडते. बंद पडलेल्या सर्व्हरवरील लेखनाला तेवढेही भाग्य नाही.

ब्लूस्काय या माध्यमाने प्रत्येक सदस्याला कायमची ओळखखूण देऊन स्थलांतराची ही अडचण बरीच दूर केली. पण त्या खुणेवरून सर्व्हर शोधण्यासाठी बहुतेक सर्व खाती त्याच कंपनीने उभारलेल्या एका निर्देशिकेवर विसंबून आहेत. दप्तरे अनेकांकडे आणि सूची एकाकडे, याला विकेंद्रीकरण तरी कितपत म्हणावे?

आपल्या देशात २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती पुसून घेण्याचा अधिकार त्यात आहे. परंतु माहिती शेकडो सर्व्हरांवर विखुरलेली असेल, तर नागरिकाने दाद कोणाकडे मागायची? केवळ स्वदेशी असणे हेही पुरेसे नाही. भारतीय भाषांचा कैवार घेऊन २०२० मध्ये अवतरलेले ‘कू’ २०२४ मध्ये बंद पडले.

म्हणूनच खाते उघडण्यापूर्वी घरातील मुलांनी आणि वडीलधाऱ्यांनीही तीन प्रश्न विचारावेत. सर्व्हर कोठे आहे? तो कोण चालवतो? उद्या तो बंद पडला, तर आपली प्रत आपल्या हाती राहील काय? आपली विद्यापीठे, ग्रंथालये, साहित्यसंस्था यांनी स्वतःचे सर्व्हर उभारून ते निष्ठेने सांभाळले, तर या प्रश्नांची उत्तरे घराजवळच मिळतील. दप्तर आपले म्हणायचे असेल, तर ते राखण्याचे कष्टही आपणच उपसले पाहिजेत.